खेळकर रेषेची नीती

खेळ लहानांनी खेळावा आणि मोठेपणी तो सोडून द्यावा, अशी आपल्या घरांतील सर्वसाधारण समजूत आहे. आम्हीही तसेच मानत आलो. धर्मशिक्षणाच्या वहीत, समासात विदूषक काढणाऱ्या एका मुलाला आम्ही वर्गाबाहेर उभे केले होते. अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन कलावंताची सर्कशीची रेखाटने पाहताना तो प्रसंग आठवला आणि मन खजील झाले.

काल्डर (१८९८–१९७६) शिक्षणाने इंजिनिअर. १९२५ साली एका नियतकालिकासाठी चित्रे काढण्याच्या निमित्ताने ते दोन आठवडे सर्कशीत जात राहिले. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी तार, कापड व बुचे यांची चिमुकली सर्कस रचली. ती पेटीत भरून नेत आणि मित्रांसमोर स्वतःच्या हातांनी तिचे खेळ करून दाखवीत. १९३१-३२च्या सुमाराच्या त्यांच्या शाईच्या चित्रांत कसरतपटू केवळ बारीक रेषेने उभे राहतात. एकाच्या अंगातून दुसऱ्याचे अंग आरपार दिसते.

शिकल्यासवरल्या माणसाने असा पोरखेळ करावा काय? देवदत्त बुद्धीचा हा अपव्यय नव्हे काय? उत्तरादाखल ती रेषाच पाहावी. तिच्यात छाया नाही, रंग नाही. चूक लपवायला आडोसा नाही. झोका सोडलेल्या हाताप्रमाणेच शाईची रेषाही मागे घेता येत नाही. म्हणजे खेळातही साधना आहे. नसतो तो केवळ साधनेचा गर्व.

याच काळात काल्डर यांनी वाऱ्याच्या झुळकीने डोलणारी, तोल सांभाळणारी शिल्पे घडविली. तेव्हा खेळ फुकट गेला नाही, असे म्हणता येईल. परंतु पुढे उपयोगी पडला म्हणूनच खेळ चांगला, हा हिशेबही आम्हांस अपुरा वाटतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच सांगून ठेवले आहे, की शरीराप्रमाणे मनालाही विसावा हवा आणि खेळकरपणा हा सद्गुण आहे. मात्र त्याने कोणाची हानी होऊ नये, मर्यादा सुटू नये. उलट, स्वतः कधी न हसणारा आणि इतरांच्या आनंदात व्यत्यय आणणारा माणूस त्यांच्या मते दोषी ठरतो.

त्या दिवशी वर्गात दोषी कोण होते? मुलाने शिकवणीकडे लक्ष द्यायला हवे होते, हे खरे. पण त्याला बाहेर काढण्यापूर्वी ते चित्र आम्ही नीट पाहिलेसुद्धा नाही.