लेकराला सांगता येईल असे घर



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपण बहुधा मुलाच्या चुकीवर आणि पित्याच्या क्षमेवर मनन करतो. पण डुकरे राखीत उपाशी बसलेल्या त्या मुलाला घरी परतावे असे वाटलेच कसे? आपल्या बापाच्या घरी चाकरालाही पोटभर भाकरी मिळते, हे त्याला ठाऊक होते. सारे उधळून झाल्यावरही बापाविषयीचा तेवढा भरवसा त्याच्यापाशी शिल्लक होता. त्या भरवशानेच त्याला उठवून घराच्या वाटेला लावले.

आज प्रत्येक आईवडिलांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. माझे मूल मोबाईलवर एखाद्या संकटात सापडले, तर ते उठून माझ्याकडे येईल का?

मोबाईल नकोच, असे म्हणून आता भागणार नाही. आपली विष्णुपुरी ही शिक्षणाची जागा आहे. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय, सारे याच परिसरात. प्रवेशाचे अर्ज, निकाल, शिष्यवृत्ती मोबाईलवरच पाहावी लागते. दहावीनंतर लेकरू लातूरला शिकवणीसाठी राहायला गेले, तर आपणच त्याच्या हाती मोबाईल देतो. आपल्या धरणाचेच पाहा. त्या पाण्यावर शेते पिकतात, नांदेड शहराची तहान भागते. तरी पावसाळ्यात दरवाजे उघडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. म्हणून आपण धरण नको म्हणत नाही. पण लहान लेकराला एकटे पाण्याकाठी सोडतही नाही.

धोका कसा येतो, हे समजून घेऊ या. मोबाईलवर खेळताना किंवा इन्स्टाग्रामवर एखादी अनोळखी व्यक्ती ओळख काढते. तिने सांगितलेले वय खोटे असते, फोटो दुसऱ्याचा असतो. ती मुलाचे कौतुक करते, त्याचे ऐकून घेते आणि मग म्हणते, "हे आपल्या दोघांतच राहू दे." पुढे नको तसा फोटो मागते. फोटो हाती पडला की बोलणे बदलते. पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो, अशी धमकी येते. आता तर साध्या फोटोवरूनही खोटा अश्लील फोटो तयार करता येतो. म्हणजे ज्या मुलीने काहीच पाठवले नाही, तिलाही धमकी येऊ शकते.

चोर मेंढवाड्यात दारातून येत नाही, दुसरीकडून चढून येतो, असे प्रभू येशूने योहानाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. या चोराची शिडी कोणती? "घरी कळले तर काय होईल?" ही मुलाच्या मनातली भीती. आपण ओरडू, मारू, शाळा बंद करू, असे मुलाला वाटले की ते गप्प राहते. आणि ते गप्प राहील तितके दिवस धमकी देणाऱ्याचे फावते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद. विशेष म्हणजे हा नियम केवळ मुलांसाठी नव्हता, मोठ्यांनीही मोबाईल बाजूला ठेवायचा होता. आपल्या घरी भोंगा नसेल, पण संध्याकाळची जपमाळ आहे. प्रार्थनेपासून जेवण होईपर्यंत सर्वांचे मोबाईल, बाबांचा आणि आईचाही, एका जागी ठेवता येतील. ज्या घरात रोज थोडा वेळ बोलणे होते, त्या घरात अडचणीचे बोलणेही होते.

मुलांनो, संत कार्लो अकुटिस तुमच्यासारखाच मुलगा होता. त्याला संगणकाची आवड होती. पवित्र मिस्सामधील चमत्कारांची माहिती त्याने इंटरनेटवर मांडली. मात्र व्हिडिओ गेमसाठी त्याने स्वतःला आठवड्यातून एकच तास ठरवून दिला होता. २००६ साली पंधराव्या वर्षी तो प्रभूघरी गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून जाहीर केले. यंत्र त्याच्या हाती होते, तो यंत्राच्या हाती नव्हता.

कोणी धमकावत असेल, तर त्याच दिवशी आईबाबांना, शिक्षकांना, फादरांना किंवा सिस्टरांना सांगा. पैसे देऊ नका, आणखी फोटो पाठवू नका. आलेले संदेश पुसू नका, तोच पुरावा असतो. पालकांनी १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर, पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या, मुलीच्या रक्षणासाठी आहे. तो फोटो मात्र कोणालाही, कुटुंबाच्या गटावरसुद्धा, पुढे पाठवू नका.

आणि पालकांनो, मूल सांगायला येईल तेव्हा पहिले वाक्य जपून बोला. "तू असे का केलेस?" हे नंतर विचारता येईल. दाखल्यातील पित्याने आधी धावत जाऊन मुलाला मिठी मारली. "बरे झाले सांगितलेस, आपण मिळून पाहू," एवढे म्हटले तरी अर्धे ओझे उतरते.

प्रार्थना करू या : हे पवित्र कुटुंबा, तुझ्या छायेत आमची घरे ठेव. हरवलेल्या बाळ येशूला तीन दिवस शोधणाऱ्या मरिया आणि योसेफ यांच्यासारखे आमचे मन मुलांसाठी जागे राहो. आमच्या लेकरांना आमच्याकडे येण्याची भीती कधी न वाटो. आमेन.