भिंतीवरचा जीव

इंदिरानगरातल्या आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतींना भेगा पडल्या होत्या. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून नाशिकात येते. त्याआधी गिलावा आणि रंग उरकावा म्हणून ठेकेदार पाहिले. तिघांचे भाव घेतले, सर्वांत कमी भावाला काम अंगावर दिले. चार पैसे वाचले, बरे वाटले.

एका दुपारी अंगणात माळ ओढत बसलो होतो. सहज वर नजर गेली. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर गवंडी परांचीवर उभा. कमरेला दोर नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. ठेकेदाराला विचारले, तर तो म्हणाला, "काका, या भावात एवढंच बसतं."

मनाने लगेच वकिली केली : ठेका दिला, आता ते त्याचे काम. पण हातातली माळ पुढे सरकेना. चोखोबा आठवले. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. महाद्वारासमोरच्या त्या समाधीवर आपण डोके टेकतो. मग आपल्या भिंतीवर चढलेल्या माणसाच्या पायाखालची फळी कोणी पाहायची?

दोर, पट्टे, जाड फळ्या यांचे पैसे वेगळे दिले. त्यात काम लांबले. पालखी आली तेव्हा भिंत अर्धी उघडीच होती. गवंडी मात्र खाली उतरून दर्शनाला आमच्यासोबत उभा होता.

रामकृष्ण हरि.