टाकीचे घाव आणि मनुष्य

अंबरनाथ येथील प्राचीन शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे सन १०६०, असा काळ आहे. तेथील कोरीव पाषाण पाहून परतणाऱ्याच्या तोंडी सहज येते की, टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही. हीच म्हण आपण संकटात सापडलेल्या शेजाऱ्यासही ऐकवितो. मनुष्याच्या बाबतीत ती कितपत खरी आहे, ह्याचा वाचकांनी आमच्याबरोबर थोडा विचार करावा.

अंबरनाथ व कल्याण ह्यांच्या दरम्यान उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तेथे लष्करी छावणी होती. सन १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली, तेव्हा पंजाब व बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र सबंध पाकिस्तानात गेला. त्यामुळे तेथून निघालेल्या सिंधी हिंदूंस आपल्या भाषेचा एक जिल्हाही इकडे उरला नाही. हजारो कुटुंबे ह्या रिकाम्या बराकींत येऊन राहिली. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा, सभोवार अनोळखी भाषा, आणि कोरड्या मुलुखातील माणसांस ठाऊक नसलेला कोकणपट्टीचा पाऊस! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली, व उल्हास नदीवरून त्यास नाव मिळाले. पूर्वी खाऊनपिऊन सुखी असलेल्या कित्येकांनी आगगाडीत गोळ्या विकल्या. स्त्रियांनी पापड लाटून संसारास हातभार लावला. पुढे ते नगर व्यापाराविषयी प्रसिद्ध झाले.

तर मग संकट हीच चांगली वस्तू आहे काय? असे म्हणणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. त्याच बराकींत, त्याच पावसात, कित्येक वृद्ध झुरले व पुन्हा सावरले नाहीत. घाव सर्वांस सारखाच बसला, पण फळ सारखे आले नाही. दगड निजून राहतो व शिल्पी त्यास घडवितो. मनुष्याचे तसे नाही. घाव जुनी वाट बंद करितो, एवढेच. नव्या वाटेवर पाऊल ज्याचे त्यानेच टाकावयाचे असते. घरंदाज मनुष्य पहिल्या दिवशी डब्यात शिरतो, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. चौथ्या दिवशी तो मोडक्यातोडक्या मराठीत हाक मारितो. त्या तीन दिवसांत जे त्याच्या अंगी आले, ते त्यास जुन्या वाड्यात मिळाले नसते.

कोणी म्हणेल, मग जे झुरले त्यांचाच दोष. तसेही नव्हे. निवाऱ्याला छप्पर व पोटाला भाकर असल्यावाचून नवे काही शिकण्याचे बळ कोठून येणार? छावणीत निर्वासितांस शिधा मिळे, हे विसरू नये. आणि काही दुःखे तर भाकर मिळूनही मनुष्याच्या शक्तीपलीकडची असतात. म्हणून दुःखिताच्या दारी जाताना म्हण घरी ठेवावी व धान्य बरोबर न्यावे.

ती म्हण आपण स्वतःस मात्र अवश्य सांगावी, आणि तीही सुखाच्या दिवसांत. मुलगी परगावी शिकावयास जाऊ म्हणते व आईबाप अनोळखी गावाच्या भयाने तिला अडवितात. एखाद्या उपदेशकास कातकरी वाडीवर जाण्यास सांगितले, तर बोली समजत नाही म्हणून तो चालढकल करितो. बंधुभगिनींनो, हे भय खोटे नाही. पण ते घरी बसून जात नाही. त्या मुलीने प्रथम एक सत्र तरी राहून पाहावे, आणि आईबापांनी तिला आठवड्यास पत्र लिहावे. उपदेशकाने पहिले काही दिवस शिकविण्याच्या भरीस न पडता वाडीतील मुलांपासून झाडांची व पाखरांची नावे शिकावी. मुले त्याच्या उच्चारांस हसतील. त्याने त्यांच्याबरोबर हसावे, व दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.