दुकान आणि देवघर



गेल्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद झाला, तरी आम्ही आठ-दहा जणी केंद्रातच बसून राहिलो. आपल्यातल्या एका ताईंची लेक अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात असते. तिच्याकडून कळलेली तिथली एक जुनी केस ताईंनी सांगितली आणि मग घरी जायचं कुणाला सुचेना.

गोष्ट २०१२ सालची. तिथल्या लेकवुड गावात जॅक फिलिप्स यांचं केकचं दुकान. दोन तरुण लग्नाच्या स्वागत समारंभासाठी केक सांगायला आले. लग्न त्या दोघांचंच, म्हणजे दोन पुरुषांचं. सोबत एकाची आई. फिलिप्स म्हणाले, वाढदिवसाचा केक करून देतो, बिस्किटं देतो, पण अशा लग्नाचा केक माझ्या धर्मात बसत नाही. केक कसा हवा, वर काय लिहायचं, इथपर्यंत बोलणं गेलंच नाही. तिघंही उठून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी त्या आईने कारण विचारायला दुकानात फोन केला. हे ऐकलं आणि आमच्यातल्या दोघी-तिघींचं लक्ष केकवरून जे उडालं ते त्या आईपाशीच राहिलं.

कोलोरॅडोच्या कायद्याप्रमाणे लोकांसाठी उघडलेल्या दुकानात समलिंगी गिऱ्हाइकाला परत पाठवता येत नाही. फिलिप्स यांचं म्हणणं, धर्म पाळायचं स्वातंत्र्य मलाही घटनेने दिलंय. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं.

खरं सांगायचं तर आधी आम्हाला फिलिप्स यांचंच पटलं. माणूस श्रद्धावान. हॅलोविन या भुताखेतांच्या सणाचे केकसुद्धा ते करत नसत. आपणही दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतो, पण आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण येत नाही. अंड्याचा केक तर कुणी कितीही पैसे दिले तरी नाही. उद्या कायद्याने सक्ती केली तर चालेल का आपल्याला?

त्यावर एक सून म्हणाली, "पण काकू, अंड्याचा केक आपण कुणालाच देत नाही. शंकरपाळे शेजारणीला द्यायचे आणि त्या दोघांना नाही, हे वेगळं झालं ना?"

इथे आम्ही अडकलो.

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला २०१४ मध्ये असंच झालं होतं, पण थोडं निराळं. तिथे केकवर समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारी घोषणा लिहून हवी होती. बेकरीने नकार दिला. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. ही घोषणा कुणीही मागितली असती तरी त्यांनी लिहिली नसती, म्हणजे नकार मजकुराला होता, माणसाला नव्हता. हा फरक आम्हाला पटला. जे मनात नाही ते स्वतःच्या हाताने लिहायला लावू नये. फिलिप्स यांच्या दुकानात मात्र मजकुराचा प्रश्न आलाच नाही, नकार आधीच दिला गेला.

अमेरिकेच्या कोर्टानेही २०१८ मध्ये फिलिप्स यांनाच जिंकवलं, ७ विरुद्ध २. पण कारण वेगळं होतं. तक्रार ऐकणाऱ्या राज्य आयोगातल्या एका सदस्याने भर बैठकीत त्यांच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेने उद्गार काढले होते. धर्माचं नाव घेऊन लोकांनी गुलामगिरीही चालवली, असं काहीसं. कोर्ट म्हणालं, न्याय करणाऱ्याने असं बोलू नये. हे आम्हाला फार बरं वाटलं. गुरुवारचा उपास म्हटला की हसणारे आपल्यालाही भेटतातच.

पण रात्री भांडी आवरताना तेच वाक्य पुन्हा डोक्यात येत राहिलं. त्या सदस्याचा सूर वाईट होता, म्हणणं अगदीच खोटं होतं का? साउथ कॅरोलायनात एका खानावळवाल्याने काळ्या लोकांना आत बसवून वाढणं देवाच्या इच्छेविरुद्ध आहे असं कोर्टात सांगितलं होतं. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते विचारात घ्यायच्याही लायकीचं मानलं नाही. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आमच्या आजेसासूबाईंच्या काळी काही माणसांना पाणी वरून ओतत. त्या दुष्ट नव्हत्या हो. त्यांना तो धर्मच वाटायचा, अगदी मनापासून. पंढरपूरच्या मंदिराची दारं सर्वांना उघडावीत म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा विरोध करणारेही विठ्ठलाचेच भक्त होते. आपल्या घटनेच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी असं नावं घेऊन लिहिलंय ते उगीच नाही. धर्म, जात, लिंग यांवरून तिथे कुणाला अडवायचं नाही. समलिंगी हा शब्द मात्र त्यात नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, देवघर आपलं आणि दुकान रस्त्याचं. देवघरात कोणती पूजा कशी करायची हे दुसऱ्याने सांगू नये. अमेरिकेतही कुठल्या पाद्र्याला असं लग्न लावायची सक्ती नाही. पण पाटी लावून माल विकायला बसलं की समोर येईल तो गिऱ्हाईक.

हे बोलायला सोपं. २०२३ मध्ये तिथल्याच कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की लग्नाच्या वेबसाइट बनवणाऱ्या बाईंवर अशा लग्नाची वेबसाइट करायची सक्ती करता येणार नाही, कारण ती त्यांची अभिव्यक्ती आहे. मग फुलांची सजावट काय? मेंदी काय? आपण रुखवत करून देतो, त्याचं काय? साखरेची तुळस, वरवधूची नावं घातलेली भातुकली, ते फराळासारखं की घोषणेसारखं?

काकू म्हणाल्या, "लाडू देईन, अगदी पोटभर देईन. पण दोन मुलांची नावं शेजारी घालायला माझा हात चालणार नाही."

त्यांना कुणी काही म्हणालं नाही. मघाची सून उठून चपला घालत म्हणाली, "नावं मी घालेन काकू. तुम्ही तुळस करा."

काकू अजून हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.