कित्ता कुणाचा गिरवायचा?

पुणे-बेंगळुरू महामार्ग कराडला खेटून जातो. संध्याकाळी उसाचे ट्रॅक्टर, एसटी, परराज्यातले कंटेनर आणि या सगळ्यांतून वाट काढणारे मोटारसायकलवाले. त्यातला एखादा पडला की पाच मिनिटांत घोळका जमतो. निम्मे लोक मोबाइल वर धरतात, उरलेले 'कुणाचा हाय रं?' म्हणून एकमेकांना विचारतात. उचलायला हात पुढे येतो तो फार उशिरा. का, तर नंतर पोलिसांचं लचांड कोण मागे लावून घेणार?

ही सबब आता चालण्याजोगी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. साक्ष द्यायची की नाही, हे तोच ठरवतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी ५,००० रुपयांचं बक्षीसही जाहीर केलं. आणि कायद्याने या माणसाला नाव दिलं आहे 'गुड समॅरिटन', म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला आपला चांगला शोमरोनी.

देशाच्या संसदेने ज्याला कायद्यात जागा दिली, त्याची गोष्ट आपण ख्रिस्ती माणसं संडे स्कूलपासून ऐकतो. चित्रं रंगवली, नाटुकली बसवली, पाठांतराची बक्षिसं घेतली. तरी घोळक्यात उभं राहून फोन वर धरणाऱ्यांत आपला मुलगा नसेल, असं छातीवर हात ठेवून किती जण सांगतील?

ही गोष्ट आपण ऐकतोच मुळी चुकीच्या जागी बसून. ऐकताना प्रत्येक जण मनातल्या मनात शोमरोनी होतो. प्रत्यक्षात आपली जागा जखमीला पाहून पुढे निघून गेलेल्या याजक आणि लेवी यांच्याजवळची. त्यांना कुठे तरी वेळेवर पोचायचं होतं, धर्माची कामं अंगावर होती, समाजात मान होता. आपल्याही अंगावर कमिटीची मीटिंग असते, क्वायरची तालीम असते. शोमरोनी मात्र येशूच्या श्रोत्यांच्या लेखी बाटगा, ज्याच्याशी व्यवहार ठेवायचा नाही असा. येशूने कित्ता म्हणून नेमका तोच माणूस पुढे ठेवला आणि प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला सांगितलं की जाऊन याच्यासारखं वाग. शास्त्र्याच्या घशाखाली ते नाव उतरलं नसावं. त्याआधी, यांतला शेजारी कोण ठरला असं विचारल्यावर, 'ज्याने दया केली तो' असं मोघम उत्तर देऊन त्याने वेळ मारून नेली होती.

आता त्या परक्याने काय केलं ते पाहा. जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तो स्वतःच्या शिदोरीतला. जखमीला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे पुढची वाट त्याने पायी तुडवली. उतारशाळेत रात्रभर त्याच्यापाशी राहिला. सकाळी दोन दिनार दिले आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणून सांगितलं. तेल, वेळ, जनावर, पैसा आणि वर एक उघडं खातं. एवढं खर्चाचं बारीक टिपण दुसऱ्या कुठल्या दाखल्यात आहे असं मला वाटत नाही. दयेची भावना एका शब्दात आटोपली आहे, हिशेब मात्र सविस्तर आहे. आपण बहुतेक प्रवचनांत नेमकं उलटं करतो.

कित्ता गिरवणं म्हणजे काय, हे ज्याने लहानपणी पाटीवर अक्षर काढलं त्याला सांगावं लागत नाही. गुरुजींच्या अक्षराकडे कौतुकाने पाहत बसून कुणाचं अक्षर सुधारलं नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला कळवलं होतं की मी ख्रिस्ताचं अनुकरण करतो तसं तुम्ही माझं करा. आजच्या कानांना हे आढ्यतेचं वाटेल. पण त्या मंडळीतल्या सामान्य माणसाच्या घरात धर्मग्रंथ नव्हता. हमाल, दासी, कारागीर अशी माणसं ती. त्यांना विश्वास वाचायला मिळणार नव्हता, कुणाच्या तरी वागण्यात पाहायला मिळणार होता. पौलाला ते ठाऊक होतं, म्हणून त्याने ती जोखीम घेतली. आपल्यापैकी कोण मंडळीत उभं राहून म्हणेल की माझ्या दुकानाचा काटा, माझ्या घरात सुनेला मिळणारी वागणूक, माझी उधारी बघा आणि तसं वागा?

योहानाचं तिसरं पत्र फारसं कुणी वाचत नाही. इवलंसं आहे, एका पानात संपतं. वाईटाचं नको, चांगल्याचं अनुकरण कर, असं त्यात गायसाला सांगितलं आहे, आणि दोन्ही बाजूंची माणसं नावानिशी दिली आहेत. दियत्रेफेस हा पुढेपुढे करणारा. वाटसरू भावांना तो घरात घेत नाही, दुसरे घेतात तर त्यांना अडवतो, मंडळीतून हाकलतो. देमेत्रियाबद्दल मात्र सगळे चांगलं बोलतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा दियत्रेफेस मला फार ओळखीचा वाटतो. निवडणूक आली की तो गठ्ठा मतं मोजतो, मंडळीच्या जागेवरून कोर्टात जातो, पहिल्या बाकावरून हलत नाही. तरुण पोरं त्याच्यावर टीका करतात आणि चार वर्षांनी त्याच्यासारखीच बोलायला लागतात. चांगल्याचा कित्ता पुढे ठेवला नाही तर पाटी कोरी राहत नाही, त्यावर दियत्रेफेसाचं अक्षर उमटतं.

दूर जायला नको. ओगलेवाडीला कराड स्टेशनात गाडीत बसलं की किर्लोस्करवाडी, सांगली करत मिरज येतं. तिथला मिशन दवाखाना या पट्ट्यातल्या तीन-चार पिढ्यांनी पाहिलेला आहे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना उघडला. १९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'सर' किताब दिला. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. तिथून रोज रिक्षाने जाणाऱ्यांपैकी कितीकांना ते माहीत असतं, देव जाणे. सर्जन म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता, पण त्याचा कित्ता तुम्ही-आम्ही कसा गिरवणार? आपल्या हाती कुणी चाकू देणार नाही आणि देऊही नये. गिरवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. दवाखाना उघडून तीन वर्षं होतात न होतात तोच, १८९७ मध्ये, त्यांनी इथल्या पोरांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. विद्या आपल्यापाशी अडवून धरली असती तर त्यांचा भाव आणखी वाढला असता. त्यांनी ती वाटली.

हे मात्र कुणालाही जमेल. मंडळीत निवृत्त नर्स असतात, शिक्षक असतात, बँकेतले कारकून असतात, एसटीतले मेकॅनिक असतात. आपल्या हातातलं कसब शेजारच्या चार पोरांना शिकवणारे त्यांतले किती?

साताऱ्यात दुसरा कित्ता आहे, नारायण वामन टिळकांचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा झालेला हा चित्पावन कवी पुढची बरीच वर्षं मिशनचं काम करत होता. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं, ही समजूत त्यांना सलत होती. साहेबाची टोपी, साहेबाची चाल, साहेबाच्या सुरावटी यांचं अनुकरण भराभर होतं, कारण त्याला किंमत पडत नाही, उलट प्रतिष्ठा मिळते. टिळकांनी भजन-कीर्तन जवळ केलं, तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो हे उघड सांगितलं, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तो टिकला नाही याचं खापर काळावर फोडण्यात अर्थ नाही. टिळकांच्या कविता आपण उचलल्या आणि पगार सोडण्याचा भाग तेवढा ठेवून दिला.

मात्र टिळकांचंही सगळंच्या सगळं गिरवू नये. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचा. घरात उद्याचं पीठ आहे की नाही याची चौकशी न करता पाहुणे आणणारा, हातात येईल ते देऊन टाकणारा, रागाच्या भरात घर सोडून जाणारा नवरा त्यात दिसतो. त्यांच्या औदार्याचं बिल लक्ष्मीबाईंनी भरलं. बालकवी ठोंबऱ्यांसारख्या पोराला त्या घरात आईची माया मिळाली, ती लक्ष्मीबाईंमुळे. शोमरोन्याच्या गोष्टीतही असा एक माणूस आहे, ज्याच्यावर कुणी प्रवचन करत नाही: उतारशाळेचा रखवालदार. शोमरोनी निघून गेला, पण जखमीच्या पट्ट्या पुढे बदलल्या त्या याने, परक्याच्या शब्दावर विसंबून. संताच्या मागे जायचं असेल तर आधी त्याच्या घरातल्या माणसांना विचारावं, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

तिसरा कित्ता आपल्या मंडळीबाहेरचा आहे आणि तो अगदी कराड तालुक्यातला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. जन्माने जैन, संस्काराने सत्यशोधक, पोटापाण्यासाठी कधी ओगले, कधी किर्लोस्कर यांच्या मालाचे विक्रेते. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. बोर्डिंग चालवायला त्यांच्या पत्नीने अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यांचंही नाव लक्ष्मीबाईच. पुरुषाचा फोटो भिंतीवर लागतो आणि हिशेबाची वही बाईकडे राहते, हा योगायोग नव्हे.

ही पंगत मी मुद्दाम आठवतो. प्रभुभोजनाला आपण एका रांगेत गुडघे टेकतो आणि सोयरीक ठरवताना 'मूळचे कोण?' म्हणून हळूच चौकशी करतो. दोन-तीन पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा घेताना जी जात पाण्यात सोडली, ती लग्नाच्या बैठकीत कोरडी होऊन परत येते. एका जैन घरातल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी वसतिगृहात जे करून दाखवलं, ते ख्रिस्ती घरात अजून अडतं. असा माणूस आपला शोमरोनी नाही तर कोण? आणि त्याच्यासारखं वागायला सांगितलं तर आपणही शास्त्र्याप्रमाणे त्याचं नाव घेणं टाळणार का?

नाताळ येतो तो ऐन गाळपाच्या हंगामात. रेठऱ्याचा कृष्णा आणि यशवंतनगरचा सह्याद्री, दोन्ही कारखाने धडधडत असतात. बीडकडून आलेल्या टोळ्या फडात उतरलेल्या असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल फिटेपर्यंत दोघं पहाटेच्या थंडीत ऊस तोडतात आणि तान्हं मूल फडाच्या कडेला पाचटावर निजलेलं असतं. रात्री ती माणसं कोपीत झोपतात. तेव्हाच आपल्या अंगणात कागदाचा तारा लागतो, गोठ्याचा देखावा उभा राहतो, आणि गाणी म्हणत फिरणारी आपली मंडळी ख्रिस्ती घरांपुरती फिरून केक खाऊन परतते. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचा देखावा आपण पुठ्ठ्याचा करतो. तीन-चार मैलांवर खरी बाळंतीण असते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो पोकळ नाही. आपण मूठभर आहोत, तिथे गेलो तर लोक म्हणतील धर्म वाढवायला आले. अशी शंका आज घेतली जाते आणि ती घ्यायला काही जणांनी कारणही दिलं आहे. पण शोमरोन्याने जखमीला त्याचा धर्म विचारला नाही, शुद्धीवर आल्यावर आपला गळ्यात घातला नाही. बालकवी टिळकांच्या घरी राहिले, जेवले, कविता केल्या आणि हिंदूच राहिले. त्याने टिळकांच्या घराची ख्रिस्ती ओळख काही कमी झाली नाही. संशयाला उत्तर आपल्या वागण्याच्या पद्धतीतूनच देता येतं.

तेव्हा यंदाच्या कमिटीत मंडप आणि साउंडच्या खर्चाचा ठराव येईल, तेव्हा कुणी तरी उभं राहून त्यातला निम्मा वेगळा काढायला सांगावा. तरुण संघाने नाटकाच्या तालमीतले दोन रविवार प्रथमोपचार शिकण्याला द्यावेत आणि १०८ ला फोन करून जागा नीट कशी सांगायची याचा सराव करावा. महामार्ग जवळच आहे, उपयोग लगेच होईल. कोप्यांवर जायचं तर एकट्या मंडळीने जाऊ नये. तिथल्या आशाताईंना आधी विचारावं, कुठल्या बाईचे दिवस भरत आलेत आणि कुठल्या पोराची लस राहिली आहे. रयतच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला बरोबर घ्यावं, म्हणजे गळती लागलेल्या मुलांना जवळच्या शाळेत बसवायची सोय होईल. नावाचा बॅनर घरी ठेवावा, फोटो काढू नयेत, आणि हंगाम संपून टोळ्या परत जाईपर्यंत दर आठवड्याला पुन्हा जावं.