अठ्ठ्याण्णवचं काय करायचं?

पुण्यातल्या कुठल्याही शाळेत मुलांना पाणी उकळायला लावून त्यात थर्मामीटर धरायला सांगितला, तर पारा 98 अंशांच्या आसपास जाऊन थांबतो. पाणी खळखळत असतं, वाफ येत असते, बर्नर मोठा केला तरी पारा पुढे सरकत नाही. पुस्तकात मात्र 100 छापलेलं असतं. वहीत काय लिहायचं असं मुलं विचारतात, आणि बहुतेक वर्गांत उत्तर ठरलेलं असतं : "थर्मामीटर जुना झालाय, शंभर लिहा."

सर अगदीच चुकीचं सांगत नसतात. शाळेतले थर्मामीटर एखाद्या अंशाने सहज चुकतात. पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी, आणि दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. ढोबळमानाने दर 300 मीटरला एक अंश. म्हणजे त्या दोन अंशांना दोन कारणं संभवतात, उपकरण आणि गाव, आणि दोन्ही खरी वाटण्यासारखी आहेत. त्यातलं कुठलं खरं, हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. वितळत्या बर्फात थर्मामीटर बुडवा. पारा शून्यावर आला तर निदान त्या टोकाला तो खोटं बोलत नाही. शाळेतले तीन-चार थर्मामीटर एकाच भांड्यात धरा आणि त्यांचं आपसात किती जुळतं ते बघा. मुंबईच्या एखाद्या शाळेला हेच करायला सांगा. सहल महाबळेश्वरला जाणार असेल तर थर्मामीटर बरोबर न्या. तिथे पारा साडेपंच्याण्णवाच्या आसपासच थांबायला हवा. थांबला तर गावाची बाजू भक्कम झाली. नाही थांबला तर आणखी मजा.

संशोधनाची रीत म्हणतात ती जवळजवळ सगळी या एका तासिकेत हजर होती : अपेक्षेशी न जुळणारं मोजमाप, दोन प्रतिस्पर्धी कारणं, त्यांना वेगळं करणारी चाचणी, आणि आधीच करून ठेवता येण्यासारखं भाकीत. "शंभर लिहा" या दोन शब्दांनी ती सगळी संपली. मुलांनी त्यातून एक गोष्ट मात्र पक्की उचलली. डोळ्यांना दिसलेलं आणि पुस्तकात छापलेलं यांत भांडण झालं तर पुस्तक जिंकतं. विज्ञानाच्या तासाला शिकवला गेलेला हा धडा विज्ञानाच्या बरोबर उलटा आहे.

आपल्या शाळांत प्रयोग होत नाहीत ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. मला मात्र होणाऱ्या प्रयोगांची काळजी जास्त वाटते. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत 'करून पहा' अशा चौकटी असतात. कल्पना उत्तम. पण चौकट संपली की बरेचदा खालच्याच ओळीत काय होतं ते लिहून टाकलेलं असतं. दोन ओळींवर उत्तर दिसत असताना कोण कशाला करून पाहील? पुढे नववी-दहावीत जर्नल येतं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निष्कर्ष गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आधी उतरवला जातो आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंग बसवली जातात. हुशार मुलं दशांश चिन्हानंतरचे आकडे थोडे इकडेतिकडे करतात, म्हणजे संशय येत नाही. बारावीपर्यंत यात इतका सराव होतो की इंजिनिअरिंगला गेल्यावर वेगळं काही शिकावं लागत नाही.

यावर ठरलेला तोडगा असा की मुलांना मोकळं सोडा, ती आपणहून शोधतील. ऐकायला छान वाटतं, पण हे तसं होत नाही. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम या अमेरिकी संशोधकांनी 2004 साली तिसरी-चौथीच्या 112 मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उतारावरून चेंडू सोडायचा आणि तो किती लांब जातो हे कशावर अवलंबून आहे ते शोधायचं. उताराची तीव्रता, पृष्ठभाग, चेंडू, सुरुवातीची जागा, सगळं बदलता येत होतं. निम्म्या मुलांना सामान देऊन मोकळं सोडलं. उरलेल्यांना शिक्षकांनी स्पष्ट सांगितलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या जशाच्या तशा ठेवायच्या, आणि का तेही उदाहरणं देऊन समजावलं. चोख तुलना करायला शिकलेली मुलं या दुसऱ्या गटात कितीतरी जास्त निघाली. पहिल्या गटातही काही मुलांना ते आपलं आपण सुचलं, पण थोड्याच. नुसत्या 'कृतियुक्त शिक्षणा'च्या भक्तांना हा निष्कर्ष रुचला नाही, त्यावर वादही भरपूर झाले. माझ्या मते त्यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. तुलना कशी करायची, मोजमाप पुन्हा का घ्यायचं, नोंद कशी ठेवायची, हे शिक्षकाने सरळ सांगावं, त्यात आडपडदा नको. राखून ठेवायचं ते उत्तर. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं : उत्तर पहिल्याच दिवशी सांगून टाकतात आणि रीत मुलांनी आपसूक उचलावी अशी अपेक्षा असते.

एक काठी घेऊन हे फार छान करून बघता येतं. शाळेच्या मैदानावर सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवायची. सहावीच्या मुलांना विचारायचं, हिची सावली सगळ्यांत लहान कधी होईल? सगळे म्हणतात, बारा वाजता. मग डिसेंबरातल्या एखाद्या निरभ्र दिवशी पावणेबारापासून दर दहा मिनिटांनी टोकावर खूण करायची. बाराच्या नंतरही सावली आखडतच राहते. इथे मुलं पहिल्यांदा घड्याळावर संशय घेतात, हे चांगलं लक्षण आहे. पण खरी गंमत पुढे आहे. नेमक्या कुठल्या मिनिटाला ती सर्वांत लहान झाली हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. एका गटाचं 12 वाजून 20, दुसऱ्याचं 12.40, तिसरा म्हणतो दोन्हीकडे सारखीच. कुणी आळस केलेला नसतो. पुण्यात डिसेंबरच्या मध्याला सूर्य सर्वांत उंच येण्याच्या आधी आणि नंतरच्या दहा-दहा मिनिटांत एवढ्या काठीची सावली जेमतेम दोन मिलिमीटरने बदलते, आणि सूर्य हा ठिपका नसून थाळी असल्यामुळे सावलीचं टोकच सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पुसट असतं. पुसट टोकावर दोन मिलिमीटर शोधायचे तरी कसे?

इथे बहुतेक प्रयोग मोडतो, आणि इथेच शिक्षकाने रीत सांगायची असते. आपल्या ज्योतिर्विदांची जुनी युक्ती आहे. काठीला ते शंकू म्हणत. शंकूभोवती दोरीने एक वर्तुळ काढायचं. सकाळी सावली आखडत आखडत वर्तुळाच्या आत शिरते, दुपारी लांबत लांबत बाहेर पडते. शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ टिपायची. तेव्हा टोक झपाझप सरकत असतं, त्यामुळे वेळ बऱ्यापैकी नेमकी मिळते. दोन्ही वेळांचा मध्य काढला की मध्यान्ह सापडतं. डिसेंबरच्या मध्याला पुण्यात साधारण साडेबारा. शिवाय वर्तुळावरच्या त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ फुकट मिळते. जिथे मोजायचं तिथे मोजता येत नसेल तर जिथे मोजता येतं तिथे मोजून मधलं काढायचं, हे मुलांना सांगितल्याशिवाय सुचण्याची शक्यता फार कमी. मला स्वतःला तरी सुचलं नसतं. पण युक्ती एकदा दाखवली की तिच्यातून बाहेर येणारा आकडा त्यांचा असतो आणि तो कुठल्याही गाइडात छापलेला नसतो.

साडेबाराच का, हा प्रश्न मग मुलंच विचारतात. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, पुणं त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त, आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. हिशेब केला तर चौतीस-पस्तीस मिनिटं येतात, साडेबारा नाही. ही उरलेली चार-पाच मिनिटं कुठे गेली? सहावीत याचं उत्तर द्यायची गरज नाही. तोच प्रयोग फेब्रुवारीच्या मध्याला करा, मध्यान्ह 12 वाजून 49 मिनिटांच्या आसपास येईल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.18. सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही, हे त्या मुलांनी स्वतः पकडलेलं असेल. कारण नववीत कळलं तरी चालेल. (भर मध्यान्ही काठीची सावली नाहीशी होते तो शून्य सावलीचा दिवस पुण्यात मे महिन्याच्या मध्याला येतो, नेमका सुट्टीत. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. शालेय कॅलेंडर करणाऱ्यांचं आणि सूर्याचं काही जुनं वैर असावं.)

शाळाशाळांतून हे होऊ शकतं का, की दोन-चार हौशी शिक्षकांचा हा उद्योग? याचं उत्तर आपल्या शेजारच्या राज्यात तीस वर्षं दिलं गेलं आहे. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात होते. 1978 साली जिल्ह्यातल्या सगळ्या पूर्व माध्यमिक शाळा त्यात आल्या आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' या संस्थेने पुढे हा कार्यक्रम सांभाळला. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरं जवळपास नव्हती. ती मुलांनी करून, चर्चा करून वहीत लिहायची. ही काही श्रीमंत इंग्रजी शाळांची गोष्ट नव्हती. सरकारी शाळा, सरकारी शिक्षक, स्वस्त सामानाची पेटी. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे आकार तिथेच जन्मले; पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत त्यांनी हजारो मुलांना ते करायला लावले.

मला त्या कार्यक्रमातल्या दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या वाटतात. पहिली शिक्षकांची. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात शिक्षक स्वतः मुलांचेच प्रयोग करायचे, चुकायचे, आपसात भांडायचे, आणि वर्षभर दर महिन्याला एकत्र बसून वर्गात काय फसलं ते बोलायचे. "शंभर लिहा" म्हणणारा शिक्षक आळशी नसतो, तो घाबरलेला असतो. वर्गात साठ मुलं, पोर्शन मागे पडलेला, आणि 98 का आलं हे आपल्यालाही ठाऊक नाही हे साठ जणांसमोर कबूल करायचं. ती भीती परिपत्रकाने जात नाही. आपल्यासारखेच अडकलेले वीस जण महिन्याला भेटले तर थोडी जाते. दुसरी गोष्ट परीक्षेची. लेखी परीक्षेत पुस्तक-वही उघडून लिहायची मुभा होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. पाठांतराला बक्षीसच उरलं नाही, म्हणून पाठांतर कमी झालं.

2002 साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला आणि तिथल्या मुलांच्या हाती राज्यभर चालणारं नेहमीचं पुस्तक आलं. तीस वर्षांचं काम एका आदेशाने थांबतं, यावरून सरकारी पाठिंब्याचा भरवसा किती धरायचा ते कळतं. पण सामान्य सरकारी शाळेत हे होऊच शकत नाही, असं म्हणायची सोय मात्र त्याने कायमची काढून घेतली आहे.

महाराष्ट्रातही कामं झाली. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली मुंबईत सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केलं आणि पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा मुलांच्या आड कशी येते ते दाखवलं. त्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. "पाणी गुलाबी झालं आणि ढवळल्यावर परत पांढरं" हे चोख निरीक्षण आहे. मुलाला ते जडजंबाल मराठीत लिहायला लावलं की ते निरीक्षण राहत नाही, निबंध होतो.

1993 पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरते. दहा ते सतरा वयाच्या मुलांनी गटाने आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, माहिती गोळा करायची आणि हव्या त्या भारतीय भाषेत मांडायची. मुलांच्या संशोधनासाठी यापेक्षा चांगला आराखडा मी पाहिलेला नाही. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाबद्दल तेवढं चांगलं बोलवत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, थर्माकोलची पवनचक्की, शेजारी पाठ केलेलं इंग्रजी म्हणणारी मुलगी आणि मागे प्रोजेक्ट करून देणाऱ्या दुकानाचं बिल. त्या ज्वालामुखीला कुणी काही विचारलेलं नसतं. सोडा दुप्पट घातला तर फेस दुप्पट होतो का, एवढं जरी मोजलं असतं तरी तो प्रयोग झाला असता.

शेवटी गोष्ट गुणांवर येते. दहावीला विज्ञानाच्या 100 पैकी 20 गुण प्रात्यक्षिकाचे, आणि ते सर्वांना जवळपास सारखेच मिळतात. त्याला हात लावणं कुणा एका शाळेच्या ताब्यात नाही. सहावी-सातवीची घटक चाचणी मात्र असते, तिथे शिक्षक स्वतः प्रश्न काढतात. तिथे असा एक प्रश्न विचारता येईल : पुण्यातल्या चार गटांनी पाण्याचा उत्कलनबिंदू मोजला. त्यांना 98, 98, 97.5 आणि 92 अंश मिळाले. यांतलं कुठलं मोजमाप तुम्ही पुन्हा घ्याल, आणि पुन्हा घेताना नेमकं काय तपासाल? बहुतेक मुलं 92 म्हणतील. कुणी लिहील की थर्मामीटरचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालाच नसेल. कुणी लिहील की पाणी अजून उकळलंच नव्हतं, नुसते बारीक बुडबुडे येत होते. एखादी मुलगी लिहील की मी चारही परत घेईन, कारण पहिल्या तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल. तिला किती गुण द्यायचे यावर स्टाफरूममध्ये वाद होईल, आणि उत्तरपत्रिकेच्या नमुना उत्तरांत तिचं उत्तर सापडणार नाही.