कोशाची पहिली पानं

नगरहून दौंडकडे जाताना अरणगावापाशी मेहेराबाद लागतं. मधून रेल्वेलाइन जाते आणि वर टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. 10 जुलै 1925 रोजी बाबांनी इथंच मौन धरलं, ते अखेरपर्यंत पाळलं. पुढं कैक वर्षं ते पाटीवरच्या अक्षरांवर बोट फिरवून बोलत. 31 जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, इथं देशोदेशीचे लोक येतात.

या गावात दोन चुलतभाऊ होते. दोघंही स्टेशनवरून पाहुण्यांना रिक्षानं आणायचे. इंग्रजी कामापुरतं यायचं, पण स्पेन-मेक्सिकोकडची वयस्कर माणसं भेटली की दोघं अडायचे. एका पाहुण्यानं जाताना आपला जुना स्पॅनिश-इंग्रजी कोश त्यांना देऊन टाकला.

थोरला शिस्तीचा. त्यानं कोश पहिल्या पानापासून, सूचना आणि खुणांसकट वाचायला घेतला. 'आबानिको' म्हणजे पंखा, 'आबेखा' म्हणजे मधमाशी, असं रोज रात्री पाठांतर चाले. थंडी पडली तरी स्वारी 'बी'तच होती, आणि मधमाशीची चौकशी एकाही पाहुण्यानं केली नव्हती.

धाकटा कानावर पडलेला शब्द अख्ख्या वाक्यासकट वहीत उतरवून ठेवी आणि अडलं तरच कोश उघडी. त्याची पद्धत मला जास्त पटते, कारण ऐकलेल्या वाक्याबरोबर शब्द ध्यानात राहतो. पण निम्मे शब्द त्याला सापडतच नसत. 'फुई' शोधून थकला, तेव्हा म्हणाला, "कोशच अपुरा आहे."

गावातल्या निवृत्त गुरुजींनी ते ऐकलं. "अरे, मराठी कोशात 'गेलो' सापडतं का? 'जाणे' बघावं लागतं. तसं इथं 'ईर' बघ. 'सेर', म्हणजे असणे, त्याचंही रूप 'फुई'च होतं, तेव्हा वाक्य पाहूनच अर्थ ठरव." मग दोघांना म्हणाले, "कोश म्हणजे धान्याचं कोठार. लागेल तेवढंच काढावं, पण कुठली कणगी कुठं आहे ते आधी बघून ठेवावं." दोघांनी मान हलवली आणि आपापलं चालू ठेवलं.

अमरतिथीच्या सकाळी मेक्सिकोच्या एक आजी रिक्षातून उतरल्या आणि पर्स उलटीपालटी करू लागल्या. "पेर्दी मी याबे!" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. धाकट्यानं सीटखालचा कोश काढून 'वाय'ची पानं चाळली, मग 'जे'ची. शब्द मिळेना. आजी रडकुंडीला आल्या.

मागच्या रिक्षातून थोरला धावत आला. "थांब! दोन 'एल' शेजारी आले की त्यांचा उच्चार 'य'सारखा होतो. सुरुवातीलाच दिलंय. आणि या कोशात ते वेगळं अक्षर धरलंय, सगळा 'एल' संपल्यावर बघ." स्पॅनिश अकादमींनी ही वेगळी मांडणी 1994 साली बंद केली. ही प्रत त्याआधीची होती. धाकट्यानं पानं उलटली. 'यामार', बोलावणे. 'यांतो', रडणे. त्याच्या खाली 'याबे', किल्ली! थोरल्याला हा शब्द येत नव्हता, धाकट्याला तो एकट्यानं मिळाला नसता. किल्ली सीटच्या फटीत निघाली. आजींनी दोघांचे हात घट्ट धरले.

त्या रात्री धाकटा कोशाची पहिली पानं वाचत बसला. थोरल्यानं वही ओढली, आजींचं वाक्य लिहिलं आणि विचारलं, "अरे, हे 'पेर्दी' कुठं सापडेल?"

"'पेर्देर' बघ, दादा. हरवणे."